पूजेला मांडलेलं सॅडल

आमच्या घरात घोड्यांविषयी सगळ्यांना सगळं कळतं. घोडा मात्र कुणाकडे नाही. माझे पणजोबा बडोदे संस्थानच्या पागेत होते, आणि त्यांच्यानंतर मी सोडले तर आमच्या घराण्यातला एकही माणूस घोड्यावर बसलेला नाही. आजोबा सायकलवरून कचेरीत गेले, काका स्कूटरवरून विमा कार्यालयात गेले, बाबा कंपनीच्या बसने नंदेसरीला गेले. पण पुढच्या खोलीत भिंतीवर पणजोबांची तलवार आणि रिकिबींची एक जोडी टांगलेली होती, आणि तेवढ्या भांडवलावर आमच्याकडे कुणीही, कुठल्याही घोड्याविषयी, कधीही मत द्यायचं. टीव्हीवर सव्वीस जानेवारीचं संचलन लागलं की काका घोडदळाच्या चुका काढायचे. मला तेव्हाही त्याची चीड यायची, आणि आज पन्नाशीला आल्यावर हे लिहिताना पुन्हा येतेय.

मी स्वतः घोड्यावर बसायला लागले ती नव्वदच्या दशकात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. आमच्या बडोद्याच्या समा भागातल्या सोसायटीत तेव्हा नुकतीच केबल आली होती. परदेशी खेळांच्या एका चॅनेलवर मी पहिल्यांदा इव्हेंटिंग पाहिलं. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन परीक्षा. आधी आखलेल्या चौकोनात शिस्तीत चालून दाखवायचं, मग मोकळ्या रानातून ओंडके, चर, चढउतार पार करत पळायचं, आणि शेवटी मैदानात रंगीत दांड्यांवरून उड्या मारायच्या. मी जेवणाचं ताट हातात धरून उभीच राहिले. ‘अगं, बस तरी खाली,’ आई म्हणाली. काकांनी शेजारच्या खुर्चीवरून तेवढ्यात सांगून टाकलं की माझ्या पणजोबांना हे सगळं येत होतं, फक्त त्याला तेव्हा नाव नव्हतं.

समाच्या पुढे, शेतं सुरू होतात तिकडे एक लहानसा रायडिंग क्लब होता. सहा घोडे, पत्र्याचा तबेला, आणि शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब. ते राजस्थानकडचे, हिंदीतच बोलायचे आणि तेही मोजकं. वर्षभराने त्यांनी माझ्या हातात एक घोडी दिली. पांढुरकी, उंच, रेसच्या मैदानावरून काढून टाकलेली. अंगाने इतकी सडसडीत, की मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मधे हाडाचा उंचवटा असतो तो तिचा एखाद्या घराच्या आढ्यासारखा वर आलेला. त्या उंचवट्यावर रुपयाएवढा पांढऱ्याशुभ्र केसांचा ठिपका होता. मला वाटलं, जन्मखूण असेल.

‘जन्मखूण नाही, जखम आहे,’ या अर्थाचं काहीतरी रिसालदारसाहेब म्हणाले, आणि मग नीट समजावून सांगितलं. रेसमधून आल्यावर कुणीतरी तिच्यावर न बसणारं सॅडल घातलं होतं. ते बरोबर हाडावर टेकलं, कातडी फाटली, आत पू झाला, भरायला पाच महिने लागले. ‘दूसरी बार यहाँ जख्म हुआ, तो बेटा, ये घोड़ी गई,’ ते म्हणाले. गेली म्हणजे कुठे, तेही सांगितलं. शहरातला एक बँडवाला तिच्यासाठी दोनदा क्लबच्या मालकांकडे येऊन गेला होता. लग्नाच्या वरघोड्याला, म्हणजे वरातीला, पांढरी घोडी लागतेच. पाठीवर जखम असली तरी वर जरीची झूल टाकली की कुणाला दिसत नाही. मालक म्हणाले होते, ती उड्या मारतेय तोवर ठेवू, पाठ गेली की देऊन टाकू.

तेव्हा मला काय हवं होतं हे अगदी साधं होतं. घोडीची पाठ शाबूत राहायला हवी होती, आणि डिसेंबरात होणाऱ्या नवशिक्यांच्या स्पर्धेत मला तिच्यावर बसायचं होतं. त्यासाठी सॅडल हवं होतं. क्लबमधली होती ती जुनी फौजी खोगिरं, जड, सपाट, दिवसभराच्या मजलीसाठी केलेली. त्यांच्यावर बसून उडी मारायची म्हणजे पाटावर बसून जिना उतरायचा. उडीला लागतं ते हलकं इंग्लिश सॅडल, गुडघ्याला पुढे आधार देणारं. रिसालदारसाहेब म्हणाले, स्वतःचं घे, पण घेताना एकच गोष्ट बघ. तू वर बसलेली असताना सॅडलची कमान आणि घोडीचं हाड यांच्यामधे तीन बोटं उभी गेली पाहिजेत. रंग, चामडं, शिलाई, बाकी सगळं नंतर.

सॅडल घ्यायचंय, एवढंच मी घरी सांगितलं आणि तिथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

बाबांनी मात्र पहिल्या दिवशी अगदी शहाण्यासारखं केलं. ते नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. आम्ही घोडीचं माप कसं घ्यायचं म्हणून दोरी, कापड, वायर असं काहीबाही शोधत होतो, तर ते दुसऱ्या दिवशी कंपनीतून शिशाची हातभर पट्टी घेऊन आले. शिसं मऊ असतं, जिथे दाबाल तो आकार धरतं. ती पट्टी मी घोडीच्या पाठीवर दाबली, अलगद उचलली आणि कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढली. तो कागद मी घरात कुणाला दाखवला नाही? सगळ्यांना दाखवला! आई म्हणाली, छान आलंय. काका म्हणाले, ‘आपल्या आजोबांनी कागद घेऊन घोडा पाहिला असता तर लढाई संपून गेली असती.’ काकांचे आजोबा ज्या काळात पागेत होते त्या काळात बडोद्याने एकही लढाई लढली नव्हती, पण हे काकांना कोण सांगणार?

सॅडलं बडोद्यात मिळत नव्हती. कानपूरला ती परदेशी पाठवायला बनायची आणि तिथला एक व्यापारी उरलासुरला माल घेऊन गावोगावी हिंडायचा. नवरात्रात तो बडोद्याला आला आणि स्टेशनजवळच्या एका लॉजमधे उतरला. मी बाबांना घेऊन जाणार होते. निघताना दारात काका हजर, इस्त्रीचा सफारी घालून, अत्तर लावून. ‘एवढी मोठी खरेदी, घरातलं वडीलधारं माणूस नको?’ ते म्हणाले. बाबा काकांहून नऊ वर्षांनी लहान. ‘चला ना दादा,’ म्हणाले आणि मुकाट रिक्षात कडेला बसले.

लॉजच्या त्या खोलीतला प्रसंग आठवला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. व्यापाऱ्याने पलंगाच्या लाकडी कठड्यावर पाच सॅडलं ओळीने मांडली होती. मी कागद काढला, पट्टी काढली. तेवढ्यात काका पहिल्या सॅडलवर बसले! पलंगावर! दोन्ही बाजूंना पाय सोडून, पाठ ताठ, हातात लगाम असल्यासारख्या मुठी. पलंग करकरला. ‘साहब पर क्या जँच रहा है,’ व्यापारी म्हणाला. झालं. त्या एका वाक्यावर काकांनी पाचही सॅडलं बसून पाहिली. एक टोचतं, एक अरुंद आहे, एक घसरतं. काका, तुम्ही बसणार नाही आहात, मी म्हटलं. मी बसणार आहे, आणि खाली पलंग नसून घोडी असणार आहे. ‘अगं, माणूस बसून बघितल्याशिवाय खुर्चीसुद्धा घेत नाही,’ काका म्हणाले, आणि बाबा खिडकीतून स्टेशनकडे पाहत राहिले.

शेवटी दोन उरली. एक तपकिरी, मधासारख्या रंगाचं, मऊ चामड्याचं, उजेड पडला की चमकणारं. दुसरं काळं, साधं, पुढची कमान उंच आणि अरुंद असलेलं. माझ्या पट्टीचा आकार काळ्याच्या कमानीखाली बरोबर बसत होता. तपकिरी रुंद होतं, परदेशातल्या दांडग्या घोड्यांसाठी केलेलं. बाबा रिक्षा बघायला खाली गेले होते, तेव्हा मी ते व्यापाऱ्याला दाखवलं. ‘चमड़ा बैठ जाएगा, बेटी,’ तो म्हणाला. चामडं बसेल, पण आतली लाकडी कमान कशी बसेल? पण माणूस वाईट नव्हता. दोन्ही घेऊन जा, घोडीवर घालून बघा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघणार, तोवर एक आणून द्या, म्हणाला. एकच अट. डाग, ओरखडा काही पडता कामा नये. खोलीतून निघताना काका मला म्हणाले, ‘तपकिरीच घ्यायचं, हे ठरलं.’ कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे.

अष्टमीला सकाळी मी दोन्ही सॅडलं तबेल्यात नेली. तपकिरी घातलं, वर बसले. रिसालदारसाहेबांनी कमानीखाली बोटं घालून पाहिली. एकसुद्धा धड जाईना. ते हाडावर टेकलंच होतं. मग काळं घातलं. तीन बोटं, आरामात. घोडीने दोन फेऱ्यांत मान खाली सोडली, फुरफुरली, आणि मी इतके महिने तिच्यावर बसत होते पण ती अशी मोकळी चाललेली मी कधी पाहिली नव्हती. ‘ये वाली,’ रिसालदारसाहेब म्हणाले. मला अगदी हुश्श झालं.

घरी आले तर काका-काकू आलेले, आई फराळाच्या गडबडीत. आदल्या रात्री सगळी सोसायटी गरब्याला, त्यामुळे सगळेच पेंगत होते. मी दारातूनच ओरडून सांगितलं, ‘काळं बसलं! काळं ठेवायचंय, तपकिरी परत!’ आणि आंघोळीला गेले. बस. एवढंच बोलले. हाड, जखम, बँडवाला, यातलं अक्षरही नाही. बाबा तर पहिल्या पाळीला, घरातच नव्हते. मला वाटलं, एवढं स्पष्ट बोलल्यावर आणखी काय सांगायचं असतं?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे शस्त्रांची पूजा त्या दिवशी असते. तलवार, रिकिबी, आणि अलीकडे बाबांचे पाने-स्क्रूड्रायव्हर, आईचं शिवणयंत्र, काकांच्या स्कूटरची किल्ली. एकदा पूजेला मांडलं की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी पहाटेच तबेल्यात गेले होते, कारण घोड्यांना आंघोळी घालायच्या होत्या, हार घालायचे होते. दुपारी घरी आले. पुढच्या खोलीत उदबत्तीचा धूर. पाटावर तलवार, शेजारी रिकिबी, आणि मधोमध, खंडेराव मार्केटातून आणलेला झेंडूचा ओला हार घालून, तपकिरी सॅडल.

त्याच्यावर हळद होती. कुंकू होतं. एका बाजूला ओल्या कुंकवाची पाच बोटं, आणि बसायच्या जागेवर, अगदी मधे, आईने चांगलं रेखीव स्वस्तिक काढलेलं.

‘अगं आई, हे काय केलंत!’

‘पूजा,’ आई म्हणाली. ‘यंदा घरात नवी वस्तू आली घोड्याची. किती वर्षांनी. काकांना तर भरून आलं.’

‘आणि काळं कुठाय?’

‘काळं काय पूजेला मांडतात?’ काका आतून म्हणाले. ‘सणाच्या दिवशी काळी वस्तू घरात कशाला? मी स्टेशनकडे जातच होतो, सकाळीच देऊन आलो.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. मी पाटाकडे धावले तर आई मधे उभी. ‘हात लावायचा नाही, उद्यापर्यंत!’ मी म्हटलं, डाग बसेल. ती म्हणाली, कुंकवाला डाग म्हणतात का? मी म्हटलं, व्यापारी परत घेणार नाही. ती म्हणाली, परत द्यायचंय कशाला, एवढं सुंदर आहे. या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि त्या घरात एकालाही ते ऐकायचं नव्हतं. मी तशीच सायकल काढली आणि लॉजवर गेले. काळं सॅडल व्यापाऱ्याने तासाभरापूर्वी भरूचहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला देऊन टाकलं होतं. दुसरं तसं नव्हतं. तपकिरीवर कुंकू लागलंय म्हटल्यावर त्याने दोन्ही कानांना हात लावले. ‘अब तो वो भगवान का हो गया, बेटी. मैं कैसे वापस लूँ?’

मी लॉजच्या पायऱ्यांवर बसून रडले. समोर फाफडा-जलेबीवाला दसऱ्यासाठी मांडव घालत होता. त्याने विचारलं, ‘शुं थयुं, बेन?’ काय सांगणार त्याला? घरच्यांनी पूजा केली म्हणून रडतेय?

बाबा संध्याकाळी पाळीवरून आले तेव्हा मी पुन्हा आदळआपट केली. डाग, डाग, डाग. स्वस्तिक. पाच बोटं. काका स्वतःला समजतात कोण? तुम्ही त्यांच्यापुढे कधी तोंड का उघडत नाही? बाबा उभ्याउभ्या ऐकत होते, डबा अजून हातात. ‘निघेल गं डाग,’ ते म्हणाले. ‘मी बघतो.’

आणि त्यांनी बघितलं. दसरा झाल्यावर सलग तीन दिवस, पाळीवरून आल्यावर, गॅलरीत वर्तमानपत्र पसरून ते सॅडल मांडीवर घेऊन बसत. कंपनीच्या लॅबमधल्या कुणालातरी विचारून आले होते. कापूस, साबणाचं पाणी, कसलंसं पांढरं मलम, पुन्हा कोरडा कापूस, आणि जोर न लावता. हळद आधी गेली. कुंकू हट्टी होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. स्वस्तिक होतं तिथे आता नुसती गुलाबीसर छटा होती, तीही उजेडात धरून पाहिलं तरच दिसणारी. बोटांची टोकं त्यांची लाल झाली होती. चेहरा असा फुलला होता की मला बघवेना.

‘आता राग गेला?’ त्यांनी विचारलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. बाबा, डागाचा प्रश्नच नव्हता, हे घोडीला बसत नाही, हिची पाठ फाटेल. मी म्हटलं, ‘गेला.’

का म्हटलं? त्यांची बोटं पाहून म्हटलं, हे खरं. पण अर्धंच खरं. ते सॅडल मला आवडत होतं. पहिल्या दिवसापासून आवडत होतं. लॉजच्या खोलीत मी काळ्याच्या बाजूने भांडत होते तेव्हाही नजर तपकिरीवरच जात होती. काकांच्या नावाने खडे फोडताना हे मी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

रिसालदारसाहेबांनी सॅडल पाहिलं आणि मान हलवली. ‘इस घोड़ी पे नहीं,’ म्हणाले. या वर्षी जुन्या खोगिरावर स्पर्धा कर, हे दुसऱ्या घोड्याला वापरू. मी गयावया केली. पुढच्या बाजूला घोंगडीची जाड घडी घातली तर कमान वर उचलली जाते, हे मी करून दाखवलं. त्यांनी घडी हाताने दाबून पाहिली. मग म्हणाले, ठीक आहे, पण प्रत्येक वेळी वर बसल्यावर बोटं घालून बघायचं. तीन गेली तर पुढे जायचं, नाहीतर तिथेच उतरायचं. घोंगडी दबते, हे लक्षात ठेव. सरावात मी पंधरा-वीस मिनिटांच्या वर कधी गेले नाही, आणि तेवढ्यात ती दबत नव्हती.

स्पर्धा शहराबाहेरच्या एका मोकळ्या माळावर होती. शेजारच्या गावांतून दोन क्लब आले होते, सगळे मिळून पंधराएक स्वार. नवशिक्यांचे अडथळे गुडघ्याच्या थोडे वर, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. माझ्या घरचे मात्र लग्नाला आल्यासारखे आले होते. सतरंजी, थेपले, चिवडा, थर्मासमधे चहा. काका जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते, चार पिढ्यांचं रक्त आहे हो. बाबांनी त्या दिवशी रजा टाकली होती. मला दुरून दिसत होतं, ते प्रत्येक घोड्याच्या पाठीवर काय घातलंय तेच पाहत होते आणि आमचंच सगळ्यांत देखणं आहे म्हणून खूश होते.

पहिला भाग बरा गेला. मग रानातल्या फेरीआधी तासभर थांबायला लागलं, आणि मी त्या तासात खाली उतरलेच नाही. सगळे पाहत होते, फोटो काढत होते. निघायची वेळ झाली तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लहान मुलांचे घोडे सांभाळत असलेल्या रिसालदारसाहेबांनी हात वर करून ओरडून विचारलं, ‘तीन उँगली?’

मी वाकून बोटं घातली. एक गेलं. दुसरं अडकलं.

‘हाँ, तीन!’ मी ओरडले.

त्यांनी हात खाली केला. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

पहिले दोन ओंडके घोडीने पार केले. तिसऱ्याच्या आधी उतार होता. उतारावर माझं सगळं वजन पुढे गेलं आणि तिचे कान मागे पडले. ती ओंडक्यापाशी थांबली. मी वळवून आणली, ती पुन्हा थांबली. ही घोडी कधी थांबत नसे. ती मला सांगत होती, याहून स्पष्ट एखादा प्राणी काय सांगणार? मी चाबूक मारला. आयुष्यात पहिल्यांदा तिला मारला. ती उडाली, आणि त्यापुढचे सगळे अडथळे तिने पार केले, आणि मैदानातल्या दांड्यासुद्धा, एकही न पाडता. सतरंजीवरून टाळ्या आल्या. कितवा नंबर आला हे मला विचारू नका.

तबेल्याच्या गाडीपाशी मी सॅडल उतरवलं. बाबा कौतुकाने पुढे आले होते, ते घ्यायला हात पुढे केलेला. घोंगडी चिकटली होती. ती सोडवली तेव्हा घोडीची सगळी कातडी थरथरली. पांढऱ्या ठिपक्याच्या जागी आता ठिपका नव्हता. मांस दिसत होतं.

रिसालदारसाहेब आले. त्यांनी पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी आणायला गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘हे सॅडलने झालं?’ बाबांनी विचारलं.

मग मी बोलले. आता बोलले! काकांनी काळं परत केलं, आईने कुंकू लावलं, मी ओरडून सांगत होते, माझं कुणी ऐकत नाही, हे न बसणारं सॅडल तुम्ही सगळ्यांनी माझ्या गळ्यात मारलंत. आणि रिसालदारसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथे पुन्हा जखम झाली तर हिला बँडवाल्याला देणार. बाबा सगळं ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?’

मी घोंगडीची घडी घालायला लागले.

‘मी तीन दिवस डाग घासत बसलो,’ ते म्हणाले. ‘तेव्हा का नाही बोललीस? अगं, कंपनीत एक जोड नीट बसत नसला तर मी अख्खी लाइन बंद ठेवतो. साहेब डोक्यावर नाचले तरी चालू करत नाही. मला एवढंच सांगायचं होतंस ना, की हे बसत नाही.’

खरं होतं ते. त्या घरात वस्तू बसणं म्हणजे काय हे कळणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाच मी सांगितलं नव्हतं. बाकी सगळ्यांशी भांडले होते.

त्यानंतर बाबा रोज कंपनीची बस तबेल्याच्या फाट्यावर सोडत आणि चालत आत जात. रिसालदारसाहेबांकडून शिकून ते जखम धुवायचे, औषध भरायचे, माश्या बसू नयेत म्हणून वर स्वच्छ मलमल टाकायचे. आयुष्यात घोड्याला हात न लावलेला माणूस, आणि घोडी त्यांचा पायरव ओळखायला लागली होती. मीही जायचे, पण ते गेल्यावर. जखम एकदा भरत आली आणि आतून पुन्हा फुटली. होळीच्या सुमाराला मालकांनी निरोप पाठवला की बँडवाला रविवारी सकाळी येणार आहे, कुणाला भेटायचं असेल तर या.

बाबांनी त्या दिवशी लवकर आंघोळ केली. एका पिशवीत गाजरं घेतली, चपला घातल्या आणि दारात उभे राहून मला विचारलं, ‘येतेस?’

‘कॉलेज आहे,’ मी म्हटलं.

त्यांनी एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग ‘बरं’ म्हणाले, आणि एकटेच गेले.